उजवीकडची शेवटची पट्टी

भंडारा, रविवार, १८ जानेवारी १९८७.

वैनगंगेचा घाट, सकाळी साडेदहा. हजर: आंधळगावहून तुमचे धाकटे भाऊ आणि दोन भाचे. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, काठी टेकत. सगळ्या शिक्षिका. नत्थूजी कासार, दुकान बंद ठेवून. सोमाजी शिपाई, इस्त्रीचा शाळेचा सदरा घालून. नागपूरहून पहिल्या गाडीने तुमची विद्यार्थिनी वनिता. तुमच्या आजी-माजी विद्यार्थिनी एकेचाळीस, मी दोनदा मोजल्या. आणि मी, सुमन, जिला तुम्ही तेरा वर्षं ‘रजिस्टर’ म्हणून हाक मारली.

बायकांनी घाटावर येऊ नये, असं तुमच्या भावकीतल्या एका वयस्कर माणसाने दारातच म्हणून पाहिलं. वनिता चपला घालत म्हणाली, “आम्ही येतो जी, काका. तुमाले चालवत नसन तर सायकल रिक्षा पाहू काय?” काका चालायला लागले. त्यांच्यामागे आम्ही सगळ्या. ताई, तुम्ही हे पाहायला हवं होतं. बाजाराच्या रस्त्यावर माणसं दुकानांतून बाहेर येऊन उभी होती आणि तुमच्या पोरी चार-चारच्या रांगेने, पाय बरोबर टाकत चालल्या होत्या. रांग मी लावली नव्हती. त्यांनीच लावली.

तुमचा जन्म, शिक्षण, कुठल्या शहरात किती कार्यक्रम झाले, कोणती पदकं मिळाली, हे सगळं वर्तमानपत्रवाल्याला लिहून दिलंय. ती यादी इथे पुन्हा उतरवत नाही. मंगळवारी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा आहे, आणि तिथे मला बोलायला सांगितलंय. मी बोलणार नाही, हेच वाचणार आहे. बोलताना मी गोष्टी गाळते. तुम्हाला ते माहीत आहे. माझ्याइतकंच.

सुरुवात तुमच्या पियानोपासून करते.

खाणीच्या साहेबांचा तुमसरकडचा बंगला रिकामा झाला तेव्हा तो पियानो शाळेला देणगी म्हणून आला. आठ माणसांनी ट्रकमधून उतरवला. शाळेत त्या वेळी मी गणित शिकवत होते आणि सामानाची नोंदवही माझ्याकडे होती. ‘घंटा, पितळी’ आणि ‘शिडी, लाकडी’ यांच्या मधल्या ओळीत मी लिहिलं: ‘वाद्य, मोठे, नग एक’. मग त्याच्यावर चादर टाकली आणि चादरीवर खो-खोच्या ढाली मांडल्या. वर्षभर ती आमची ढाली ठेवायची जागा होती.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये तुम्ही रुजू व्हायला आलात. रुजू-पत्रावर सही करायच्या आधी हॉलमध्ये गेलात. एकेक ढाल उचलून माझ्या हातात दिलीत, सगळ्या बारा. चादर काढलीत. बसलात, आणि मधली एक पट्टी दाबलीत. आवाज घोगरा आला.

“घसा बसला याचा,” तुम्ही म्हणालात. “पर मले ओळखलं यानं.”

मला वाटलं, मुंबईची पियानोवादक बाई, मोठमोठ्या सभागृहांत वाजवलेली, आणि बोलते आमच्या सोमाजीसारखी! तुमचे वडील त्या बंगल्यावर स्वयंपाकी होते आणि तिथल्या मडमेने सात वर्षांच्या इंदूला पिठाच्या डब्यावर बसवून याच पट्ट्यांवर बोटं ठेवायला शिकवलं, हे मला नंतर कळलं. आंधळगावहून नागपूर, नागपूरहून मुंबई, वीस वर्षं तिथल्या मंचांवर. आणि एक दिवस कुणीतरी पत्रातून कळवलं की तो पियानो भंडाऱ्याच्या मुलींच्या शाळेत आहे. तुम्ही सामान बांधलंत.

गावाने याचा सरळ अर्थ काढला: मुंबईत चाललं नाही म्हणून परत आली. मोठी वादक असती तर शाळेत मास्तरकी केली असती काय? हे मी बाजारात ऐकलं, शिक्षकांच्या खोलीत ऐकलं. मी मान डोलावली होती, ताई. आज सरळ लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते.

तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. मोठ्या बाईंकडे एकच मागणी केलीत. भंडाऱ्यात, याच पियानोवर, एक पूर्ण कार्यक्रम. पियानो आधी सुधारायचा, मग वाजवायचा. “गावाले एकदा बसून ऐकू द्या,” तुम्ही म्हणालात. “मंग म्हणू द्या काय म्हणाचं ते.”

नागपूरहून पियानो जुळवणारा बोलावला तर तो येऊन एकदा कान पिळून जाईल, महिन्याने पुन्हा बेसूर, असं तुमचं मत. म्हणून तुम्ही नत्थूजींकडे गेलात. नत्थूजी कासार पाणी भरायचे पितळी गुंड, पराती घडवणारे. त्यांच्यासमोर तुम्ही कागदावर तारेच्या खुंटीचं चौकोनी डोकं काढलंत. नत्थूजींनी कागद उलटा धरून पाहिला.

“बाई, हे फिरवाचं काय हाय नेमकं?”

“सूर फिरवाचा हाय, नत्थूजी.”

“सूर? मंग मूठ चांगली पाहिजे. हात घसरला तर सूर पडन ना जी.”

आठवड्यात चावी तयार. तोंड लोखंडी, मूठ पितळेची, आणि मुठीवर वेलबुट्टी, कारण वेलबुट्टीशिवाय वस्तू दुकानातून बाहेर द्यायची नत्थूजींना लाज वाटते. त्या चावीने तुम्ही दोन वर्षं पियानो रोज थोडा थोडा जुळवत आणलात. दुपारच्या सुट्टीत एक तार लावायची, डबा खायचा, दुसरी तार लावायची.

आणि शिकवणं. पियानो एक, मुली बावीस. मी तक्ता करून दिला, प्रत्येकीला आठवड्यातून अकरा मिनिटं येत होती. तुम्ही तक्ता पाहून हसलात आणि म्हणालात, प्रत्येकीने घरून एक फळी आणायची. त्या फळ्यांवर तुम्ही काळ्या-पांढऱ्या रंगाने पट्ट्या काढल्यात, खऱ्या मापाच्या. मुलींनी घरी फळी मांडीसमोर घ्यायची, बोटं चालवायची आणि सूर तोंडाने म्हणायचा. दिघोरीच्या वनिताकडे फळी नव्हती. तिने सारवलेल्या ओसरीवर रांगोळीने पट्ट्या काढल्या. तिचा बाप धानाच्या बांधीतून आला आणि त्याला ओलांडून जावं की बाजूने, हे कळेना. “माह्या घरात जाऊ का नको, तेवढं सांग,” तो म्हणाला. वनिता म्हणाली, “डाव्या हाताकडून जा, बाबा. उजवीकडे वाजून राहिलं.”

आपलं पहिलं भांडण यावरूनच. मी तुम्हाला विचारलं होतं, कुणाच्याच घरी पियानो नाही, जन्मात येणार नाही, मग मुलींना हे शिकवून उपयोग काय? पेटी शिकवा, भजनात तरी वाजवतील.

“तुले पोहता येते?” तुम्ही विचारलंत.

“येतं. गावच्या बोडीत शिकले.”

“तुह्या घरात बोडी होती काय?”

 पण तुम्ही जिंकलात असं मी कधी मान्य केलं नाही. पुढे दहा वर्षं आपण तेच भांडत राहिलो, चहाच्या वेळी, कधी कधी भांडण राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू. मी म्हणायची, ताल घड्याळासारखा पाहिजे, ते टिकटिक करणारं तालयंत्र मुलींसमोर रोज ठेवा. तुम्ही ते कपाटावर लपवून ठेवायच्या. “घड्याळ चालते, माणूस श्वास घेते,” तुम्ही म्हणायच्या. “तू श्वास मोजून घेतेस काय? घेत असशीन. तुहा भरोसा नाही, रजिस्टर.”

आता शहात्तरचा मे महिना. इथून पुढे मला हळू लिहावं लागेल.

दर मे महिन्यात मी ‘पावसाळ्यापूर्वीची कामे’ अशी यादी करते. अजूनही करते. त्या वर्षी तुम्ही सुट्टीत मुंबईला एका कार्यक्रमासाठी गेला होता. जाताना म्हणालात, “तारांवर जंग चढून राहिला वं. आल्यावर पाहतो.” मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात नोंद झाली. आमच्याकडे घरोघरी एक रीत आहे. पाऊस लागायच्या आधी जे जे लोखंड घरात असेल, विळा, कुऱ्हाड, भाजी चिरायची पावशी, दाराच्या कड्या, त्याला जवसाचं तेल पुसून ठेवायचं. मग गंज धरत नाही. आईने माझ्याकडून ते दरवर्षी करून घेतलं होतं. मी यादीत लिहिलं: क्रमांक चार, फाटकाच्या बिजागऱ्या. क्रमांक पाच, बाकांचे लोखंडी पाय. क्रमांक सहा, हॉलमधील वाद्य, तारा व खुंट्या, जवसाचे तेल, भरपूर. ‘भरपूर’ हा शब्द मी स्वतः लिहिला.

सोमाजी म्हणाले होते, “बाई, इंदूबाईले विचारून घेऊ काय?”

मी म्हणाले, “त्यांच्यासाठीच करतोय. आल्या की खूश होतील.”

सोमाजींनी मन लावून काम केलं. ते कुठलंही काम मन लावूनच करतात. आणि मी क्रमांक सहापुढे बरोबरची खूण केली.

जवसाचं तेल वाळलं की चिकट होतं. विळ्यावर ते चालतं. तुम्ही जुलैत आलात, झाकण उघडलंत, आणि पट्टी दाबलीत. ती खाली गेली, वर आली नाही. दुसरी दाबलीत. आवाज नाही, नुसता ठोका, लुगड्यात गुंडाळलेल्या भांड्यावर बसावा तसा. खुंट्या चावी लावताच फिरायला लागल्या, धरून राहीनात. तारांवर आपटणाऱ्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, हातोड्या तेलाने जड झालेल्या. दोन वर्षांचं काम. तुम्ही वाकून आत वास घेतलात.

“जवस,” तुम्ही म्हणालात, आणि भिंतीला टेकून उभ्या राहिलात.

मोठ्या बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. “हे कुणी केलं?” मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या हातात त्या यादीची माझी प्रत होती, ताई. घडी करून मुठीत. मी तोंड उघडायच्या आत सोमाजी पुढे झाले.

“मीच लावलं जी, मोठ्या बाई.”

ते खरंच होतं. त्यांनी लावलं होतं. कुणी सांगितलं, हे त्यांनी म्हटलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. मोठ्या बाईंनी सोमाजींच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. पंधरा वर्षं तो जुडगा त्यांच्या कमरेला होता. संध्याकाळी मी नोंदवहीत शेरा लिहिला: ‘शिपायाच्या हातून तेल लागून नादुरुस्त’. माझं अक्षर चांगलं आहे. अजून स्वच्छ वाचता येतं.

तुम्ही तीन दिवस शाळेत आला नाहीत. चौथ्या दिवशी आलात ते बाह्या वर करून.

“कार्यक्रम ठरल्यापरमानं सक्रांतीनंतर,” तुम्ही मोठ्या बाईंना सांगितलंत. “तारीख बदलत नाही.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “अहो, पण पियानो कुठे आहे?”

“तेलात हाय. काढतो.”

ती सहा महिन्यांची यादी माझ्याकडे आहे. दोनशेवर तारा. प्रत्येक तार स्पिरिटच्या फडक्याने खालून वर, मग कोरड्या फडक्याने. बावीस मुली, शिक्षिका, मोठ्या बाईंची सून, कासारगल्लीतल्या बायका. जुनी सुती लुगडी भंडाऱ्यात त्या पावसाळ्यात शिल्लक राहिली नसतील. खुंट्या ढिल्या झाल्या, तर नत्थूजींनी प्रत्येक खुंटी काढून तिला कागदासारख्या पातळ पितळी पत्र्याचं वेष्टण दिलं आणि पुन्हा ठोकून बसवली. रोज सात-आठ. “आतापर्यंत गुंडाले कल्हई केली,” ते म्हणायचे, “आता सुराले करून राहिलो.” हातोड्यांचा नमदा तुम्ही स्वतः सुईने टोचून, घासून मोकळा केलात. तुमच्या बोटांना भोकं पडली होती. त्याच बोटांनी तुम्ही रोज घरी फळीवर सराव करत होतात, मुलींसारखा, सूर तोंडाने म्हणत. तुमची घरमालकीण मला म्हणाली, “बाई दिवसभर लाकूड कुटते आन गाते. बऱ्या हायेत ना?”

मीही रोज होते. सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची. तारांचा तक्ता मीच ठेवला होता, झालेल्या तारेवर टिंब. लोक म्हणायचे, सुमनबाई किती राबतात! मी त्यांना काहीच म्हणत नव्हते.

डिसेंबरच्या शेवटी उजवीकडची शेवटची पट्टी तेवढी राहिली, सगळ्यात बारीक सुराची. तीन बोटभर तारा. सोमाजी फडकं घेऊन पुढे झाले तर तुम्ही त्यांचा हात धरलात.

“हे तुमचं काम नाही, सोमाजी.”

“काहून जी? लावलं तर मीच.”

“तुमी हात लावला. ज्यानं लावा म्हटलं, तो येईन ना साफ कराले. तेवढी एक त्याच्यासाठी ठेवून द्या.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. एकदाही नाही. मी तक्त्यात शेवटचा चौकोन रिकामा ठेवला आणि शिसपेन्सिलीला टोक करायला लागले.

कार्यक्रम सत्त्याहत्तरच्या जानेवारीत, रविवारी, दुपारी चारला. या महिन्यात दहा वर्षं झाली. हॉलमध्ये बाकं कमी पडली, तेव्हा सतरंज्या टाकल्या, मग खिडक्या काढल्या. आंधळगावचे विणकर आले, ट्रॅक्टरवर दिघोरीची माणसं आली, राइस मिलवाले मालक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. मुंबईत चाललं नाही म्हणणारे झाडून सगळे आले होते. मी दारात उभी होते, म्हणून मला माहीत आहे.

तुम्ही साधी कोशाची रेशमी साडी नेसून आलात. नमस्कार केलात. बसलात. आणि पहिल्याच झपाट्यात, ताई, त्या लाकडाच्या पेटीतून जे बाहेर आलं ते मी काय सांगू! तुम्ही दोन्ही हातांनी उचलून पाणी फेकल्यासारखे सूर फेकत होता आणि ते खाली पडत नव्हते. राइस मिलवाल्या मालकांच्या हाताची घडी सुटली. मग सोनाटा, तीन भागांची रचना; त्याचा मधला संथ भाग संपला, तिथे टाळ्या वाजवायच्या नसतात, हे मी मुलींना पढवून ठेवलं होतं. पण आमचं गाव नाटकं पाहून तयार झालेलं. मागून आवाज आला, “वन्स मोर!”

मी डोळे मिटले.  तुम्ही मान वळवलीत.

“पुन्हा पाहिजे?”

“हो जी! तेच. हळूवालं.”

“घ्या,” तुम्ही म्हणालात, आणि तो अख्खा भाग पुन्हा वाजवलात, पहिल्यापेक्षाही हळू. दुसऱ्या वेळी माझ्या शेजारी उभ्या दिघोरीच्या बाईने पदर तोंडाला लावला. मुंबईत तुम्ही अशी पुनरावृत्ती केली असती काय, असं मी नंतर विचारलं. तुम्ही म्हणालात, “मुंबईत कोनी मांगितलीच नाही.”

शेवटची रचना तुमची स्वतःची होती. आंधळगावात माग चालतो त्या ठेक्यावर डावा हात, आणि उजवा हात वर वर चढत जाणारा, पायरीमागून पायरी. मी त्या पायऱ्या मोजत होते. मला माहीत होतं, अजून सात, अजून चार, अजून दोन. मग तुम्ही उजवा हात लांब केलात आणि करंगळीने ती शेवटची पट्टी दाबलीत.

टक्.

फक्त लाकूड. तुम्ही बोट तिथेच ठेवलंत आणि या वेळी माझ्याकडे पाहिलंत. सरळ, दारापर्यंत. रागाने नाही. एखाद्या मुलीला अवघड गणित घातल्यावर मी जशी थांबते, तशा तुम्ही थांबला होता.

आणि मग टाळ्या. माणसं उभी राहिली. खिडकीतली, सतरंजीवरची, सगळी. कुणीतरी शिट्टी मारली. मोठ्या बाई रडत होत्या. नत्थूजी गर्दीतून पुढे येऊन तुमचे पाय धरायला लागले, तुम्ही त्यांना अर्ध्यात उचललंत.

“बाई,” नत्थूजी म्हणाले, “सगळं सोडा. तो शेवटचा सूर! काय बारीक होता जी! असा कानात शिरला, अजून हाय.”

“मलेही ऐकू आला,” आंधळगावचा एक विणकर म्हणाला. “चांदण्यासारखा.”

तुम्ही आठ दिवस हसत होता. “नसलेला सूर ऐकला वं गावानं! मुंबईवाल्याची काय हिंमत हाय?” त्यानंतर भंडाऱ्यात कुणी म्हटलं नाही की इंदूताई कशाला परत आल्या. आमच्या इंदूताई, असंच म्हणायला लागले.

पण ती पट्टी तशीच राहिली. दर मे महिन्यात मी यादी करायची आणि तुम्हाला विचारायची, “ताई, एक पट्टी बंद आहे. नागपूरहून माणूस बोलावू?”

“नको. ते काम वाटून दिलेलं हाय.”

दर वर्षी तेच उत्तर, तेच शब्द. मी यादी घडी करून ठेवायची. तुम्ही कधी विचारलं नाहीत, कधी टोमणा मारला नाहीत. त्यापेक्षा भांडला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्हाला केव्हा कळलं, तेही मला माहीत नाही. कदाचित मी पहिल्याच दिवशी तिसऱ्या रांगेत मूठ आवळून उभी होते तेव्हाच. तुम्ही हातांकडे पाहणाऱ्या होतात.

चौऱ्याऐंशीमध्ये वनिताचा मुंबईला कार्यक्रम झाला. आपण दोघी तिच्याबरोबर गेलो. माझ्याकडे तिकिटं, डबे, औषधं आणि तीन प्रतींत वेळापत्रक. तुमच्याकडे काहीच नाही, फक्त वनिताची ती रंगवलेली फळी, वर्तमानपत्रात बांधलेली. रांगोळीनंतर तिला ती तुम्हीच दिली होती. मंचावर जायच्या आधी तिने शेवटचा सराव त्या फळीवर केला, पडद्यामागे, गुडघ्यावर ठेवून. सभागृहातली माणसं पाहत होती. मग ती बाहेर गेली आणि वाजवायला लागली. तुम्ही माझं मनगट धरलंत. दुसऱ्या दिवशी वळ होता.

नंतर एक गृहस्थ, अत्तर लावलेले, विचारायला आले. एवढी तयारी कुठल्या संस्थेत झाली?

“भंडाऱ्यात,” वनिता म्हणाली.

“भंडारा? ते कुठे आलं?”

तुम्ही म्हणालात, “भात खाता ना जी तुमी? तो जिथून येते, तिथं.”

परतीच्या गाडीत मी तुम्हाला सांगणार होते. नागपूर यायच्या आत सांगायचं, असं ठरवलं होतं. वर्धा गेलं. बुटीबोरी गेलं. तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपलात आणि मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

त्याच प्रवासात आपलं घरात बोडी नसल्याचं भांडणही संपवायला हवं होतं. तुम्ही जिंकलात, ताई. उशिरा सांगते आहे. तुम्ही शिकवलेल्यांपैकी सात जणी आज पियानो शिकवतात, एकीच्याही माहेरी पियानो नव्हता. तालयंत्राच्या बाबतीत मात्र मी अजून माझ्या जागी आहे.

आज घाटावर तुमच्या भावाने वनिताच्या हातातली फळी पाहिली आणि विचारलं, ताईच्या सोबत ठेवायची काय? वनिता म्हणाली, “नाही जी, मामा. हिच्यावर आता माही एक पोरगी शिकून राहिली. उद्या तिले पाहिजे.” भाऊ मान हलवत बाजूला झाले. मला वाटतं, तुम्ही अगदी हेच उत्तर दिलं असतं, फक्त थोडं खेकसून.

परत येताना सोमाजी माझ्या बाजूने चालत होते. जूनमध्ये ते निवृत्त होतात. आम्ही बाजाराच्या रस्त्याला लागलो. मग म्हणाले, “बाई, आता ते शेवटची पट्टी कोन करन जी?”

“सोमाजी,” मी म्हणाले, “त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.”

“मले तर मालूमच होतं ना,” ते म्हणाले. “यादी मलेच दिली होती तुमी. अजून हाय माह्याजवळ. ‘भरपूर’ लिहिलं हाय.” आणि हसले. “इंदूबाईले मी सांगितलं नाही. तेनं मले विचारलं बी नाही. पर मोठ्या बाईले अजून वाटते, मीच डोकं चालवलं म्हून.”

तेव्हा मंगळवारी हॉलमध्ये, मोठ्या बाई पहिल्या रांगेत असताना, मी हे सगळं वाचेन. सोमाजींची खुर्ची त्यांच्या शेजारी लावली जाईल, ते मी स्वतः बघेन. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात देईन, पाच महिन्यांसाठी का होईना. नोंदवहीतल्या शेऱ्यावर लाल रेघ मारून खाली बरोबर शेरा लिहिलाय, सही केली आहे. ते आज दुपारी झालं. वनिता त्या दिवशी तुमची ती मागाच्या ठेक्याची रचना वाजवणार आहे, हेही ठरलं. तिला मी सांगितलं आहे की शेवटी हात लांब कर आणि दाब, गाळू नकोस.

स्पिरिटची बाटली: आहे. सुती फडकी: सहा. पत्र्याची पट्टी: नत्थूजी उद्या सकाळी देतील. वेलबुट्टीची चावी: तुमच्या टेबलाच्या खणात होती, भावाने आणून दिली. शाळा उद्या अकराला उघडते.

उजवीकडची शेवटची पट्टी, तीन तारा: बाकी.